धुळातात्यांची चूलतपासणी

धुळातात्या दुसऱ्याच्या घरात शिरले की चपला दाराबाहेर काढायचे, सरळ चुलीपाशी जायचे, चुलीला हात जोडायचे आणि शेजारचं भाकरीचं टोपलं उघडून आत बघायचे. माणसांशी बोलणं त्यानंतर. आपल्याकडं दुसऱ्याच्या भाकरीच्या टोपल्यात डोकावणं म्हणजे केवढा आगाऊपणा, हे मी सांगायला नको. दुसरा कुणी असता तर बायकांनी उलथनं हाणलं असतं. पण तात्या आमच्या नगरपालिकेचे भाडे निरीक्षक होते, आणि टोपलं उघडणं हे त्यांच्या मते सरकारी काम होतं.

मी त्याच कचेरीत टायपिस्ट. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं आणि माझी नोकरीही नवीच होती. "बाई माणूस बरोबर असलं म्हंजी घरातल्या बाया बिचकत न्हाईत," असं सांगून तात्यांनी मला साहेबांकडून मागून घेतलं. बिचकत नाहीत कसल्या! टोपलं उघडलं की तात्यांना शिव्या देता येत नसत, त्या सगळ्या माझ्याकडं बघून द्यायच्या.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना लागणारं आमचं गाव तसं लहान. पण पालिकेनं मार्केट यार्डामागं गरिबांसाठी खोल्या बांधल्या होत्या. हमाल, झाडूवाले, कांदा निवडणाऱ्या बाया, ऊसतोड सोडून गावात राहिलेली काही घरं, अशी ती वसाहत. या खोल्यांना सगळ्यांना सारखं भाडं नव्हतं. ज्याचं उत्पन्न कमी त्याला कमी, जरा बरं त्याला जास्त, आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की खोली सोडायची, ती दुसऱ्या गरिबाला जायची. दर तीन वर्षांनी सगळ्यांचं उत्पन्न नव्यानं तपासून भाडं नव्यानं ठरवायचं, त्याला फेरआकारणी म्हणत. आता उत्पन्न कुणाचं धरायचं? तर सगळ्या कुटुंबाचं. आणि कुटुंबात कोण कोण? तर नियमात एकच ओळ होती. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब.

ही ओळ तात्यांनी फक्त देव्हाऱ्यात ठेवायची बाकी होती. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डं, कंपनीची पत्रं, सगळं ते बाजूला सारायचे. "कागुद म्हंजी काय ताई, लिव्हनाऱ्याच्या मर्जीनं बोलतंय. चूल तशी न्हाय. चूल खरं बोलती. नेमात चूल लिव्हलीया, मग चूल बघायची का न्हाय?" जेवढी तोंडं तेवढ्या भाकऱ्या, असा त्यांचा हिशेब. बाई थापताना खोटं थापत नाही, यावर त्यांचा एवढा विश्वास होता की तेवढा माझा देवावरही नसेल.

पुढं पुढं त्यांना दुनियाच तशी दिसायला लागली. माणसं दोनच प्रकारची, एकचुली आणि दोनचुली. लग्नाला गेले तरी अक्षता टाकून झाल्या की नवऱ्यामुलाच्या बापाला विचारायचे, "चूल एकच ठिवणार न्हवं?" आमच्या कचेरीत वसुलीचे दोन कारकून एकमेकांशी बोलेनासे झाले, तर तात्या म्हणाले, "न्यारे निघाले जणू." मला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुमची चूल एक का दोन?" मी आधीच फटकळ, त्यात त्या दिवशी सकाळी सासूबाईंशी मीठ कमी-जास्त झाल्यावरून वाजलेलं. मी म्हटलं, "तात्या, एकच हाय, पण धूर दोघींच्या डोळ्यांत जातो." तात्या मनापासून हसले. तेव्हापासून आमचं जमलं.

फेरआकारणी जवळ आली की वसाहतीत घराघरांत फूट पडायची. बारामतीला एमआयडीसीत कंपन्या आल्या होत्या, कुणाचा ना कुणाचा पोरगा तिथं चिकटला होता. त्याचा पगार आईबापाच्या मिळकतीत धरला तर भाडं चढणार, नाही तर खोलीच जाणार. मग काय, काल रात्री आईच्या हातची भाकरी खाल्लेला पोरगा आज सकाळी न्यारा! ज्या त्या दारात एकच पाढा. "पोरगा माझ्यात न्हाय हो तात्या. बायकूच्या नादानं न्यारा निघाला." सांगताना पदर डोळ्याला. आणि पुरावा म्हणून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक स्टोव्ह, ही बघा सुनेची चूल.

वसाहतीत जास्तीचा असा स्टोव्ह एकच होता, हिराचा. हिरा म्हणजे कोपऱ्यावरच्या खोलीतली भजीवाली. हिरवी टाकी, टाकीला पोच आलेला. आम्ही एका खोलीतून बाहेर पडलो की मागल्या खिडकीतून तो स्टोव्ह पुढच्या खोलीत जायचा. त्या एकट्या स्टोव्हनं अख्खी वसाहत विभक्त केली होती. तात्यांच्या हे ध्यानात आलं नाही असं कसं होईल? चौथ्या की पाचव्या खोलीत ते त्याच्यापुढं उकिडवे बसले, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "काय पावनं, दमला असशीला. मगाधरनं फिरताय." तोंडाला पदर लावून रडणारी ती बाई पदरातच फसकन हसली. मग तात्यांनी टोपलं उघडलं, भाकऱ्या बघितल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "लिव्हा ताई. एकचुली."

बायका त्यांना मेल्यामुडद्या म्हणायच्या. पण खरं सांगते, त्यांनी कुणाचं वाटोळं केलं नाही. मर्यादेच्या काठावर असलेल्याला ते काठाच्या आतच ठेवायचे. फक्त एक वाक्य त्यांना सोसायचं नाही. "पोरगा माझ्यात न्हाय." ते ऐकलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. एकदा बाहेर आल्यावर पायात चप्पल सरकवताना म्हणाले, "भाडं वाचवायचं तर दुसरं कायबी सांगा. पोराला कशापायी जित्तेपणी घालवताय?" मी म्हटलं, "तात्या, तुम्हीच नियम काढून बसता, मग ती तरी काय करतील?" त्यावर त्यांनी दुसरी चप्पल सरकवली आणि पुढच्या दाराकडं निघाले.

अशात आम्ही अनुसयामावशीच्या खोलीत गेलो. ही मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक पोरगा दत्तू. तो कंपनीत लागल्याचं सगळ्या वसाहतीला माहीत होतं. मला वाटलं, आता इथंही पदर डोळ्याला लागणार आणि हिराचा स्टोव्ह येणार. पण मावशी स्वच्छ म्हणाली, "दत्तू व्हय? हाय की. ड्युटीला गेलाय. पाळी बदलती त्याची."

तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग टोपल्यावरचं फडकं उचललं. एकट्या बाईच्या मानानं भाकऱ्या जास्तच होत्या, आणि वरच्या तर चांगल्या मोठ्या, गड्याच्या हाताच्या. बाजूला तोंडी लावायला कोरड्यासाची वाटी झाकून ठेवलेली. तात्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपल्यालाच हात जोडले. "ताई, बघा. अख्ख्या वस्तीत एक बाई खरं बोलली. चूल आन् माणूस दोनी एक बोलत्यात हितं!" मावशी खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मला वाटलं, लाजली.

आणि मग हिशेब झाला. दत्तूचा पगार धरल्यावर मावशी मर्यादेच्या नुसती काठावर नव्हे, बरीच वर गेली. खोली सोडायची नोटीस मीच टाईप केली. टाईप करताना माझं डोकं फिरलं होतं. "तात्या, खोटं बोलणारे सगळे खोलीत राहिले आणि खरं बोलणारी बाहेर. हा कुठला न्याय?" तात्या टेबलावरचं पेन उचलत होते, ठेवत होते. "नेम म्हंजी नेम," एवढंच म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्या दिवशी त्यांचा खानावळीचा डबा तसाच परत गेला.

नोटीस लागल्यावर दोन दिवसांनी हिरा कचेरीत आली. हाताला बेसन तसंच, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "तात्या, डोळं फुटलं व्हय तुमचं? दत्तू हाय कुठं तितं? दोन दिवाळ्या झाल्या त्याला जाऊन! बायकूचं आन् म्हातारीचं बिनसलं, तवाधरनं सोमेश्वरनगरला सासऱ्याच्या घरी ऱ्हातोय. घरजावई! सणाला न्हाय, सुदीला न्हाय. म्हातारी आजारी पडली तर मी निरोप धाडला, तरी आला न्हाय."

"मग भाकरी?" तात्यांनी विचारलं.

"थापती रोज त्याच्या नावाची. यील म्हणून. सकाळच्याला माझ्या शेळीला घालती. माझी शेळी माजलीया त्या भाकरीवर, आन् तुमी म्हातारीला खोलीतनं काढा!"

 हिरा बडबडत निघून गेली तरी तात्यांनी मान वर केली नाही. सगळी वसाहत पोरगा नाही म्हणून खोटं बोलत होती, आणि ही एकटी पोरगा आहे म्हणून खोटं बोलली होती. तात्यांच्या चुलीला ते ओळखता आलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

तसा उपाय सोपा होता. नोटिशीवर हरकत घेता यायची. भाडे समितीपुढं मावशीनं एवढं सांगायचं की मुलगा माझ्यात जेवत नाही, की खोली राहिली, वर सगळ्यात कमी भाडं. आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. या खेपेला तात्या आत शिरलेच नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"अनुसयाबाई, समितीपुढं एवढं म्हणा, पोरगा माझ्या चुलीवर न्हाय. बाकी मी बघतो."

मावशी तांदूळ निवडत होती, ती थांबली. "तसं कसं म्हणू तात्या?"

"सगळ्याच म्हणत्यात की."

"त्यांचं पोरगं रातच्याला घरी येतंय, म्हणून त्यांच्या तोंडाला येतं. माझं?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "आयनं तोंडानं म्हटलं की ते खरं हुतंया. खोली जायची तर जाऊ द्या. मी न्हाय म्हणायची."

"आन् जाल कुठं?"

शेळगावला तिचा भाऊ होता, पण भावजय तिला दारात उभी करायची नाही, हे वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मावशीनं परत सूप पुढं ओढलं. मी चिडून म्हटलं, "मावशी, एवढा हट्ट बरा नव्हे." तशी ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला पोर झालं की मग बोल." 

समितीची बैठक पालिकेच्या सभागृहात होती. सभापती, दोन सदस्य, मुख्याधिकारी साहेब, आणि बाकावर हरकत घेतलेली माणसं. मावशीनं हरकत घेतलीच नव्हती. तात्यांनी स्वतःच तिचं प्रकरण ठेवायला लावलं आणि मी तिला ओढत घेऊन आले. सभापती माणूस वाईट नव्हता. नाव पुकारलं, कागद बघितला आणि त्यानं सरळ विचारलं, "बाई, मुलगा तुमच्याकडं राहतो का?"

मागं वसाहतीतली निम्मी माणसं उभी होती. सगळ्यांना खरं ठाऊक होतं. नाही म्हण, नाही म्हण, असं मी मनात घोकत होते.

"ऱ्हातो," मावशी म्हणाली.

सभापतींनी नाइलाजानं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात तात्या उठले.

"साहेब, बाई बराबर सांगत्यात. पोरगा ऱ्हातो. पर नेमात ऱ्हाण्याचं काय न्हाय, जेवण्याचं हाय. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. पोरगा कंपनीत. तितं कँटीन हाय. त्याचं जेवण तितं. ह्या चुलीवर तो जेवत न्हाय. म्हणून त्याचा पगार हितं धरता येत न्हाय."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तात्या, तपासणी तुमचीच आहे. तुम्हीच लिहिलंय की भाकऱ्या दोघांच्या होत्या."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. या माणसानं उभ्या नोकरीत आपली तपासणी चुकली असं एकदाही म्हटलेलं नव्हतं, म्हणायला लावणाराही कुणी जन्मला नव्हता. "चूक झाली माझी, साहेब. माझ्या बघण्यात आलं न्हाय. त्या भाकरी शिळ्या व्हत्या. आदल्या दिसाच्या उरलेल्या."

"शिळ्या?" मावशी ताडकन उठली. "माझ्या टोपल्यात शिळी? आवं, ताज्या व्हत्या त्या!"

मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. ती कळवळून खाली बसली आणि हिरा मागून ओरडली, "म्हातारीला कमी दिसतंय साहेब, शिळ्याच व्हत्या! मी साक्ष हाय." सभागृहात हशा पिकला. सभापती आमच्याकडं बघत होते, मावशीकडं बघत होते. त्यांना काय कळायचं ते कळलं असणार. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "मुलाचं नाव कुटुंबात राहू द्या. पगार धरू नका. खोली कायम, भाडं खालचं."  मावशीनं अंगठा उमटवताना एकच विचारलं, "दत्तूचं नाव ऱ्हायलं न्हवं?" मी म्हटलं, "राहिलं."

बाहेर आलो तर मावशी तात्यांवर फणकारली. खोलीचं राहिलं बाजूलाच. "चारचौघांत माझी भाकरी शिळी म्हणाला तुमी. उद्या दुपारी या आन् खाऊन सांगा, शिळी का ताजी."

तात्या हसून टाळतील असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "चला ताई. तपासणीला बोलावलंय."

मावशीनं घोंगडी अंथरली, ताटात पिठलं वाढलं आणि टोपलं तात्यांच्या पुढ्यात सरकवलं. टोपलं उघडायला तात्यांचा हात पुढं झाला नाही. तिनंच फडकं काढलं आणि वरची मोठी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायचं थांबले.

"काय ओ, शिळी हाय?"

तात्यांनी मान हलवली. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तसं ते टोपीनंच पुसलं त्यांनी. म्हणाले, "आमी कळसची मेंढरावाली माणसं. नोकरी लागली तसा मी हितं आलो, लग्न न्हाय, काय न्हाय, एकटाच. आयला आणतो आणतो म्हणत ऱ्हायलो. कळस काय लांब हाय व्हय? पर पंधरा दिसाला जायचो, मग महिन्याला, मग सणाला. ती गेल्यावर शेजारीण म्हणाली, धुळा, तुझ्या नावची भाकरी म्हातारी रोज थापायची रं. रोज. मला कुणी सांगितलंच न्हाय." त्यांनी मावशीकडं बघितलं. "तुमचं टोपलं मी उघडलं, अनुसयाबाई, आन् मला वळखू आलं न्हाय. मला तरी वळखू यायला पायजे व्हतं."

एवढी वर्षं हा माणूस घराघरातली टोपली का उघडून बघत होता, ते मला तेव्हा कळलं, आणि मी त्याला आगाऊ म्हणत आले होते याची लाज वाटली. मी भिंतीकडं बघत बसले.

मावशी उठली, मडक्यातलं पाणी तांब्यात ओतून त्यांच्यापुढं ठेवलं आणि दुसरी भाकरी त्यांच्या ताटात वाढायला उचलली. तात्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. दत्तू आला तर?"

"आला तर त्याला गरम थापीन," मावशी म्हणाली. "पीठ काय, हायच की. तुमी खावा."

तात्यांनी हात बाजूला घेतला.